मृत्युपत्र आहे, आता प्रोबेटची सक्ती नाही; मग वकील कशासाठी लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील चार महिन्यांपूर्वी मुंबईत वारले. २०१६ साली मुंबईतच टाइप करून घेतलेले, नोंदणी न केलेले मराठी मृत्युपत्र आहे. त्यात मुलुंडचा फ्लॅट आईला, साताऱ्याकडची शेतजमीन दोघा भावांना आणि बँकेतल्या ठेवी कॅनडातल्या बहिणीला दिल्या आहेत. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून मामांचे नाव आहे. दोन साक्षीदारांपैकी फॅमिली डॉक्टर आता हयात नाहीत, दुसरे शेजारी नाशिकला राहायला गेले. मृत्युपत्रानंतर घेतलेले अंदाजे ३० लाखांचे शेअर्स डीमॅट खात्यात आहेत. त्यांचा मृत्युपत्रात उल्लेख नाही आणि खात्याला नॉमिनीही नाही. सोसायटीत आणि राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवींवर थोरल्या भावाचे नॉमिनेशन आहे. सहकारी बँकेत ४ लाखांची एक ठेव बिननॉमिनीची. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, आता सक्तीचे नाही असे कानावर आले आहे, मग या सगळ्याला वकील हवा का, हवा तर कुठवर, आणि त्याची फी कशी ठरवायची?

उत्तर आधी सांगतो: सक्ती नाही, तरीही तुमच्या बाबतीत प्रोबेट घ्या. त्यासाठी वकील लावा. पण सगळी कामे त्याच्या गळ्यात घालू नका, निम्म्याहून अधिक कामे घरच्यांनीच करण्यासारखी आहेत.

सक्तीची गोष्ट अशी. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २१३ प्रमाणे मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदू, जैन, शीख, बौद्ध आणि पारशी मृत्युपत्रांना प्रोबेट लागायचे. त्याशिवाय एक्झिक्युटरला किंवा लाभार्थ्याला कोर्टात हक्क शाबीत करता येत नसे. चेन्नई आणि जुन्या बंगालच्या हद्दीतही तेच. पुण्या-नाशकात मात्र केवळ तिथल्याच मालमत्तेसाठी ही अट कधीच नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच वगळले. लोकांनी त्याचा अर्थ ‘प्रोबेट बंद झाले’ असा लावला, तो चुकीचा आहे. कोर्टाकडे प्रोबेट मागण्याची तरतूद जागच्या जागी आहे. फरक इतकाच की आधी दाराशी अडवणूक होती, आता ती नाही.

तुम्हाला ते का हवे, तर शेअर्ससाठी. डीमॅट खात्याला नॉमिनी नसेल आणि किंमत १५ लाखांपेक्षा जास्त असेल तर केवळ प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्रावर शेअर्स नावावर होत नाहीत. कोर्टाचा कागद लागतो: प्रोबेट, लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन (एक्झिक्युटर नसेल तेव्हा मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार) किंवा सक्सेशन सर्टिफिकेट (ठेवी-शेअर्ससाठीचा वारस दाखला). म्हणजे कोर्टात एकदा जायचेच आहे. मग शेअर्सपुरते सक्सेशन सर्टिफिकेट काढायचे आणि फ्लॅटसाठी सोसायटीच्या मर्जीवर राहायचे, यापेक्षा एकाच अर्जात सगळे उरकलेले बरे. कलम २११ नुसार मृताची सगळी मालमत्ता एक्झिक्युटरकडे निहित होते, मृत्युपत्रात जिचा उल्लेख नाही तीसुद्धा. म्हणून अर्जाच्या परिशिष्टात शेअर्स, सहकारी बँकेतली ठेव, पीपीएफ, अगदी राहिलेला लाभांशसुद्धा लिहा. ‘मृत्युपत्रात आहे तेवढेच परिशिष्टात लिहायचे’ ही समजूत फार पसरलेली आहे. तिच्यामुळे प्रोबेट मिळाल्यावर दुरुस्ती अर्ज करावा लागतो आणि जादा कोर्ट फी भरावी लागते.

दुसरे कारण साक्षीदारांचे. प्रोबेट मिळाले की मृत्युपत्र खरे की खोटे हा प्रश्न सगळ्या जगापुरता मिटतो, केवळ अर्जदारांपुरता नव्हे. दहा वर्षांनी आईने फ्लॅट विकायला काढला तर घेणाऱ्याचा वकील आणि कर्ज देणारी बँक नेमके हेच विचारणार. तोवर नाशिकचे शेजारी साक्ष द्यायला असतीलच याची खात्री नाही.

म्हणून या आठवड्यात करायचे पहिले काम म्हणजे त्या शेजाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र. त्यांना मुंबईला बोलावण्याची गरज नाही, नाशिकला शपथेवर करून घेतले तरी चालते. त्यात चार गोष्टी स्वच्छ यायला हव्यात: वडिलांनी आपल्यासमोर सही केली, आपण वडिलांसमोर सही केली, डॉक्टरांची सही आपण ओळखतो, आणि वडील त्या वेळी पूर्ण शुद्धीत होते. इथे एक खाच आहे. पुष्कळ साक्षीदार प्रामाणिकपणे सांगतात, “मी गेलो तेव्हा त्यांची सही झालेली होती, मी फक्त खाली सही केली.” हे ऐकून घरचे घाबरतात आणि त्यांना वेगळे बोलायला लावतात. तसे अजिबात करू नका. कलम ६३ प्रमाणे साक्षीदाराने प्रत्यक्ष सही होताना पाहिलेलीच हवी असे नाही. ‘ही माझी सही आहे’ असे मृत्युपत्र करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितले असेल तरी पुरते. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणेही आवश्यक नाही. जे घडले तेच लिहा. उलटतपासणीत पडणारा साक्षीदार बहुधा पढवलेलाच असतो. एका साक्षीदाराची साक्ष पुरते, त्यामुळे डॉक्टर गेले म्हणून मृत्युपत्र अडत नाही. दोघेही गेले असते तर वडिलांचे आणि निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागला असता. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला मात्र आताच मिळवून ठेवा.

मूळ मृत्युपत्राला हात लावू नका, हे शब्दशः घ्या. झेरॉक्ससाठी स्टेपल काढू नका, लॅमिनेट करू नका, पंच मारू नका, पेन्सिलनेही काही लिहू नका. स्टेपलची जादा भोके दिसली की ‘पान बदलले का’ हा पहिला प्रश्न येतो आणि त्याचा खुलासा देण्यात तारखा जातात. पेनने केलेली खाडाखोड असेल आणि तिच्याशेजारी वडिलांची व साक्षीदारांची सही नसेल तर ती दुरुस्ती धरली जात नाही, मूळ मजकूर वाचता येत असेल तर तोच चालतो. नोंदणी नाही याची चिंता नको. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, स्टॅम्प पेपरही लागत नाही. उलट नोंदणीकृत मृत्युपत्रही साक्षीदाराशिवाय आपोआप सिद्ध होत नाही.

आता शेअर्सचा मुद्दा, कारण घरातले पुढचे भांडण इथूनच निघण्याची शक्यता आहे. मृत्युपत्रात ‘उरलेली सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीस’ असे शेवटचे कलम असते तर शेअर्स त्या व्यक्तीला गेले असते. ते कलम नाही, म्हणजे शेअर्सपुरते वडील मृत्युपत्र न करता वारले असे कायदा धरतो आणि हिंदू वारसा कायद्यातले पहिल्या वर्गाचे वारस पुढे येतात. त्यात आई, दोन भाऊ आणि बहीण येतात, आणि आजीही येते. मृताची आई पहिल्या वर्गातली वारस असते हे पन्नास घरांत सांगितले तर चाळीस घरांत आश्चर्य वाटते. (मृताचे वडील मात्र त्या वर्गात नाहीत.) म्हणजे ३० लाखांचे पाच समान वाटे, प्रत्येकी ६ लाख. आजीचे वय बघता ‘तिला कशाला त्रास’ म्हणून तिचे नाव अर्जातून गाळले जाते, आणि घोळ तिथेच होतो. उद्या आजी मृत्युपत्र न करता गेली तर तिचे ६ लाख तिच्या मुलांकडे जातील. एक काका आणि एक आत्या धरली तर काकांना २ लाख, आत्याला २ लाख, आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याचे २ लाख तुम्हा तिघा भावंडांत. त्यात तुमच्या आईला काही नाही, कारण सासूच्या वारसांत आधी गेलेल्या मुलाची मुले येतात, त्याची विधवा येत नाही. काका-आत्याला हा हक्क पाच वर्षांनी कळला तर वाटप पुन्हा उकरावे लागेल. आजीची इच्छा असेल तर तिने आताच हक्कसोड करावी किंवा स्वतःचे मृत्युपत्र करावे. तिच्यासाठी कागद मराठीत करा, वाचून दाखवा, अंगठा असेल तर वाचून दाखवल्याचा शेरा घ्या.

शेतजमिनीबद्दल आणखी एक सावधगिरी. प्रोबेट कोर्ट मृत्युपत्र खरे आहे का एवढेच पाहते. जमीन वडिलांची होती का, किती होती, हे ठरवत नाही. ती जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर वडील मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. मुलीला २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः समान हक्क आहे, आणि त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याचीही गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. अशा जमिनीचे कागदोपत्री वाटप मांडले तर वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी असे पाच वाटे पडतात आणि दोघा भावांना मृत्युपत्राने मिळतो तो वडिलांचा एक पंचमांश. त्यांचे स्वतःचे वाटे वेगळे, बहिणीचा तिचा वेगळा. जमीन वडिलांना आजोबांकडून १९५६ नंतर वारसाने, स्वतंत्रपणे आली असेल तर चित्र निराळे, मग ती त्यांची स्वतःची. म्हणून सातबाऱ्यावरून नव्हे तर जुन्या फेरफारांवरून, निदान आजोबांच्या नावापर्यंत मागे जाऊन पाहा. या कामासाठी मुंबईच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांची कामे करणाऱ्या, वकिलापेक्षा साताऱ्यातला महसुली कामे करणारा वकील स्वस्त आणि जास्त उपयोगी पडतो.

गावची वारस नोंद प्रोबेटची वाट पाहत ठेवू नका. वारसाने हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. तुमची मुदत उलटली आहे, तरी अर्ज द्या. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवरून. आजीसकट सगळ्या वारसांची नावे द्या आणि मृत्युपत्र असल्याचाही उल्लेख करा. नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो, हरकत आली तर तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी लागते. बहीण परदेशात आहे म्हणून तिचे नाव वगळून नोंद करून घेण्याचा मोह होतो. ते खोटे प्रतिज्ञापत्र ठरते आणि पुढे त्याच कागदाने भाऊ अडकतात. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती केवळ महसुली नोंद आहे, हेही दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

नॉमिनेशनचा गुंता तुलनेने सोपा आहे. सोसायटीत थोरल्या भावाचे नॉमिनेशन असले तरी तो मालक होत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ पासून नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद आहे, खऱ्या वारसाचे किंवा लाभार्थ्याचे नाव लागेपर्यंत. बँकेतली रक्कम नॉमिनीला देऊन बँक मोकळी होते, पण त्या पैशावर हक्क मृत्युपत्राप्रमाणे बहिणीचा. शेअर्सबाबतही नॉमिनी मालक ठरत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. तेव्हा विमा पॉलिसी असल्यास ती या हिशेबातून बाजूला काढा.

सहकारी बँकेतल्या ४ लाखांसाठी वकिलाची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसलेल्या खात्यासाठी सोपी पद्धत ठेवलेली आहे: सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, इतर बँकांत १५ लाखांपर्यंत. सगळी कागदपत्रे दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. शाखेत ‘सक्सेशन आणा’ असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

आता अर्ज. मुंबईत तो उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात दाखल होतो, इतर जिल्ह्यांत जिल्हा न्यायालयात. पुण्या-ठाण्याच्या लोकांसाठी एक उपयोगी गोष्ट: जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट राज्याबाहेर जवळजवळ कुचकामी ठरते, कारण राज्याबाहेरच्या मालमत्तेची किंमत १०,००० रुपयांपेक्षा जास्त असली की ते तिथे चालत नाही. बंगळूरला फ्लॅट असेल तर थेट उच्च न्यायालयात जा. गोव्यात घर असेल तर तिथला २०१२ चा वारसा कायदा वेगळाच रस्ता देतो: विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त, आणि जमले नाही तर इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटपाची, कोर्टातली कार्यवाही. मुंबईच्या वकिलाने ‘मी ते पण बघतो’ म्हटले तरी गोव्यातलाच वकील गाठा.

अर्जदार मामा असतील, कारण प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. त्यांना झेपत नसेल तर त्यांनी आताच लेखी नकार द्यावा. वडिलांच्या खात्यांत, भाड्यांत एकदा हात घातला की नकार देण्याचा मार्ग बंद होतो. मामांनी नकार दिला तर लाभार्थी म्हणून आई किंवा तुम्ही ‘मृत्युपत्र जोडलेले लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’ मागू शकता. त्यात दोन गैरसोयी आहेत: प्रशासकाला बाँड द्यावा लागतो, आणि स्थावर मालमत्ता विकायला कोर्टाची परवानगी लागते. एक्झिक्युटरला, मृत्युपत्रात बंधन नसेल तर, ती लागत नाही. म्हणून मामांना समजावून त्यांनाच पुढे करणे फायद्याचे.

सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, एक्झिक्युटरची शपथ, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र, मालमत्ता, देणी आणि विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता यांची तीन परिशिष्टे, आणि बाकीच्या वारसांची संमतीपत्रे. मृत्युपत्र मराठीत असल्याने अधिकृत इंग्रजी भाषांतर लागते, ते आधीच मार्गी लावा, कारण घरी केलेले भाषांतर चालत नाही. किमतींसाठी फ्लॅटला रेडी रेकनरचा दर, ठेवींना बँकेचे शिल्लक प्रमाणपत्र, शेअर्सना बाजारभाव. कोर्ट फी किमतीच्या टप्प्यांनी वाढते आणि महाराष्ट्रात प्रोबेटसाठी तिची कमाल मर्यादा ७५,००० रुपये आहे. मुलुंडचा फ्लॅट एकटाच ती मर्यादा गाठतो, त्यामुळे किमती कमी दाखवण्यात काहीही फायदा नाही, तोटा मात्र आहे.

अर्ज दाखल झाला की कोर्टाचे कार्यालय ‘ऑब्जेक्शन्स’, म्हणजे त्रुटी, काढते. बरेच अर्ज इथे रखडतात आणि कारणे अगदी क्षुल्लक असतात. मृत्युपत्रात ‘बाळकृष्ण’, शेअर्सवर ‘बी. के.’, आधारवर ‘बाळासाहेब’. सातबाऱ्यावर गट नंबर बदललेला, मृत्युपत्रात जुना सर्व्हे नंबर. मृत्यूच्या दाखल्यावर पत्ता वेगळा. अशा प्रत्येक नावासाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ हे वाक्य अर्जातच घाला, नंतर प्रतिज्ञापत्राचा फेरा वाचतो.

संमती देणार नाही त्या वारसाला सायटेशन, म्हणजे कोर्टाची नोटीस, जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे त्याने १४ दिवसांत कॅव्हिएट, म्हणजे विरोधाची सूचना, टाकायचे आणि त्यानंतर ८ दिवसांत कारणांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. ते आले की अर्जाचा दावा होतो, साक्षी-पुरावे होतात आणि मग वर्षे मोजायची. बिनविरोध अर्जाला सहा महिने ते दीड वर्ष धरून चाला. तीन वर्षांहून उशिरा आलेल्या अर्जाला विलंबाचे कारण सांगावे लागते, तुम्ही त्याच्या अलीकडे आहात.

बहिणीचे संमतीपत्र कॅनडातून येताना भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणन) घेऊन यावे. कॅनडा २०२४ पासून अपोस्टिल पद्धतीत आल्याने हे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मुखत्यारपत्र पाठवले असेल तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. पाकिटावरचा पोचल्याचा शिक्का जपून ठेवा, तोच तारखेचा पुरावा.

फीबद्दल. वकिलाची फी मालमत्तेच्या टक्केवारीत ठरवू नका. निकालावर अवलंबून फी किंवा वादाच्या मालमत्तेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि जो वकील ‘फ्लॅटच्या दोन टक्के’ म्हणतो त्याने तो नियम वाचलेला नाही किंवा तुम्ही वाचला नसेल असे तो धरून चालला आहे. टप्प्यांची फी ठरवा: मसुदा आणि दाखल करणे, ऑब्जेक्शन्स दूर करणे, प्रोबेट हातात येणे. कोर्ट फी, भाषांतर, जाहिरात, प्रमाणित प्रती हे खर्च वेगळे, पावतीसह. आणि कॅव्हिएट आले तर नवे काम, नवी फी, हे पहिल्याच पत्रात लिहून घ्या. नाहीतर नेमक्या अडचणीच्या वेळी बोलणी सुरू होतात. आणखी एक प्रश्न पहिल्या भेटीत विचारा: तुम्ही कोणाचे वकील? मामांचे असतील तर ते बहिणीचे नाहीत. आज सगळे एकत्र बसून चहा घेत असले तरी तिच्या संमतीपत्रावर तिने स्वतंत्र सल्ला घेतलेला बरा. तो कागद पुढे कोणी सहजासहजी उलटवू शकत नाही.

सीए हवाच. वडिलांच्या मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर प्रतिनिधी म्हणून पोर्टलवर नोंदणी करून भरायचे. त्यानंतरचे व्याज आणि लाभांश वाटप होईपर्यंत मृताच्या इस्टेटचे उत्पन्न म्हणून एक्झिक्युटरच्या नावे, वेगळ्या पॅनवर. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, जुने नमुने तसेच वापरू नका. वारसाने मिळण्यावर कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. विकताना मात्र भांडवली नफा मोजला जातो आणि त्यासाठी वडिलांची खरेदी किंमत धरतात. म्हणून मुलुंडच्या फ्लॅटचा मूळ करारनामा, स्टॅम्प ड्यूटीची पावती आणि दुरुस्तीची बिले आईच्या ताब्यात द्या. बहिणीचे पैसे तिच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या) खात्यात जातील, तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

घरच्यांनी करायचे ते असे. वडिलांचे सिम कार्ड चालू ठेवा, त्यावर येणाऱ्या संदेशांतून विसरलेली खाती सापडतात. पण त्या ओटीपीवर एकही व्यवहार करू नका, एटीएममधून पैसे काढू नका. मृत्यूनंतरचा असा प्रत्येक व्यवहार खातेउताऱ्यावर तारखेसह दिसतो आणि विरोधी वकिलाला तयार मुद्दा मिळतो. पेन्शन असेल तर लगेच कळवा, जादा जमा झालेली रक्कम बँक वसूल करतेच. आयकर पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण, डिपॉझिटरीचे (डीमॅट शेअर्स सांभाळणाऱ्या संस्थेचे) एकत्रित विवरण आणि बेवारस ठेवी शोधण्याचे रिझर्व्ह बँकेचे उद्गम पोर्टल, या तिन्हींतून मालमत्तेची यादी जवळजवळ पूर्ण होते. सात वर्षे लाभांश न घेतलेले जुने शेअर्स सरकारी आयईपीएफमध्ये (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत) गेले असतील तर त्यांचा दावा वेगळा. तो मिळवून देतो म्हणून वीस-तीस टक्के मागणारे लोक फोन करतात. फॉर्म ऑनलाइन आहे आणि प्रोबेट हातात असेल तर मध्यस्थाची गरज उरत नाही.

प्रोबेट मिळाल्यावर मामांनी करायचा क्रम ठरलेला आहे. इस्टेटच्या नावाचे स्वतंत्र बँक खाते. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग घरकामाला असलेल्यांचा मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांतला राहिलेला पगार, मग बाकीची देणी, आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्रातले वाटप. हा क्रम उलटला आणि नंतर कर्जदाता उभा राहिला तर कमी पडलेली रक्कम एक्झिक्युटरच्या खिशातून जाते. वाटपाआधी वर्तमानपत्रात, ज्यांचे वडिलांकडे येणे आहे त्यांच्यासाठी, नोटीस दिली की हा धोका बराच कमी होतो. मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत वाटप करण्याची सक्ती एक्झिक्युटरवर नाही, त्यामुळे कोणी घाई केली तर त्यांनी दडपण घेऊ नये. फ्लॅट आईला देताना त्यांनी लेखी संमतीपत्र द्यावे, तेच सोसायटीला प्रोबेटच्या प्रमाणित प्रतीसोबत जोडायचे. शेअर्सचे पाच वाटे करून प्रत्येकाची पावती घ्यायची, आजीचीही.

आणि प्रोबेटच्या तारखेपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, वर्षात हिशेब कोर्टात दाखल करायचा. हे जवळजवळ कोणी करत नाही, वकीलही आठवण करत नाहीत, कारण त्यांची शेवटच्या टप्प्याची फी तोवर मिळालेली असते. वकिलाशी फी ठरवल्याच्या पत्रात हे काम नावानिशी घाला आणि शेवटचा हप्ता त्याच्या पावतीशी बांधा.